लहान सभागृह की मोठं? खर्चाच्या बाजूने पाहताना

नगरसेवकांची संख्या ठरवायची वेळ आली की लोक आधी मानधनाचा हिशेब मांडतात. तो किरकोळ आहे. खरा पैसा जातो तो अंदाजपत्रकाच्या मतदानात.

मोठ्या सभागृहावरचा मुख्य आक्षेप साध्या गणिताचा आहे. उद्यानाचा खर्च १०० धरा. प्रभाग दहा असतील तर ज्या प्रभागात उद्यान होणार, त्याच्या वाट्याला कराचे १० येतात. उरलेले ९० इतरांच्या खिशातून. मग उद्यानाचा उपयोग जेमतेम ३० चा असला तरी तिथला नगरसेवक ते मागणारच. प्रभाग दोनच असते तर ५० स्वतःच्या मतदारांनी भरायचे, तेव्हा तोच माणूस दहादा विचार करता. त्यात ‘तू माझं मंजूर कर, मी तुझं करतो’ सुरू झालं की यादी लांबतच जाते. वाइनगास्ट, शेप्सली आणि जॉन्सेन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८१ मध्ये हे सूत्ररूपात मांडलं.

प्रत्यक्षात? लोकसंख्येचा ठराविक टप्पा ओलांडला की सदस्य वाढतात, अशा नियमांमुळे जवळपास सारख्या आकाराच्या गावांची तुलना करता येते. बव्हेरियातल्या अशा अभ्यासात सदस्य वाढले तिथे खर्चही वाढलेला दिसला. फिनलंड आणि स्वीडनमध्ये मात्र नेमकं उलटं: सदस्य जास्त, खर्च कमी.

हे उलटं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. पाच सदस्यांच्या सभेपुढे शेकडो पानांचं अंदाजपत्रक आलं, तर पाणीपुरवठ्याच्या लेखाशीर्षाखालची प्रत्येक ओळ वाचणार कोण? अधिकाऱ्यांनी मांडलेला आकडा तसाच मंजूर होतो. माणसं जास्त असली की समित्यांना हात मिळतात, प्रश्न विचारले जातात.

तिसरी गोष्टही ध्यानात घ्या. अमेरिकी शहरांच्या अभ्यासात, नकाराधिकार असलेला महापौर जिथे होता तिथे संख्या आणि खर्च यांचं नातं सैल पडलेलं दिसलं.

म्हणून मी संख्येआधी मागच्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं मागवीन. प्रशासनाने मांडलेला आकडा आणि सभेने मंजूर केलेला आकडा शेजारी ठेवा. प्रभागांतल्या कामांनी दरवर्षी फुगवटा आला असेल आणि नाही म्हणणारं कुणी नसेल, तर सभागृह लहान ठेवा. दोन्ही आकडे ओळीनओळ सारखेच निघाले, तर सदस्य वाढवा. तिथे वाचणारे कमी पडताहेत.