50 लाख मंजूर झाल्याचं पत्र आणि माझे गेलेले 46,300

राग आलाय म्हणून लिहितेय, भाषा सांभाळून घ्या.

माझी मुलगी साडेचार वर्षांची. ब्लू रबर ब्लेब नीव्हस सिंड्रोम. तळपायावर, पाठीवर निळसर मऊ गाठी. बोटाने दाबलं की दबतात, सोडलं की परत भरतात. तशाच आतड्यात, आणि तिथून रक्त झिरपत राहतं. शी काळी होते, हिमोग्लोबिन 5 वर येतं, मग रक्त चढवा. जगभरात काहीशेच रुग्ण नोंदलेले. "तुमच्या बाळाला काय दिलं हो?" असं विचारायला वॉर्डात दुसरी आई नाही. हे फसवणारे लोक अशांनाच हेरतात.

फोन आला, "ताई, केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणातून 50 लाख मिळतात, फाइल मी लावतो." 2021 चं धोरण खरं, 50 लाखांची मर्यादाही खरी. मी काही अडाणी नाही, तपासलं होतं. फाइल चार्ज 2,500, मेडिकल बोर्ड 14,800.

मग मंजुरीचं पत्र. अशोकस्तंभ, शिक्का, सही, आणि आजाराच्या जागी 'थॅलेसेमिया'. तिथेच फोन आपटायला हवा होता! विचारलं मी. म्हणे, "सिस्टिममध्ये तुमचा कोडच नाही ताई, जवळचा टाकलाय." पटलं. कारण आजवर एकाही फॉर्मवर तिच्या आजाराचं नाव बसलेलं नाही. विम्यावाल्यानेही 'इतर'च लिहिलं. 29,000 चा 'जीएसटी' मी त्यानंतर भरला. मदतीवर कसला आलाय जीएसटी!

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" सायबरला जा. सायबरवाले म्हणतात ठाण्याचा कागद आणा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. एक साहेब आजाराचं नाव ऐकून "रबर?" म्हणत शेजारच्याकडे बघून हसले. वर माझा तक्रारीचा अर्ज परत, का, तर आजाराचं नाव कागदपत्रांशी जुळत नाही. अर्ज टाइप पोलिसांच्याच माणसाने केलेला! चोराचं धडधडीत खोटं नाव चाललं, माझं खरं चालेना.

फसवलं गेलात तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावा, त्याच तासात. मी उशिरा लावला, तोवर खातं रिकामं. ही 50 लाखांची मदत धोरणाच्या यादीतल्या आजारांनाच, तीही नेमलेल्या रुग्णालयांमार्फत, मुंबईत केईएम. पालकांकडून दमडी मागत नाहीत. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी विचारा. "परदेशी औषध आणून देतो" म्हणणाऱ्यालाही हाकला. मुलीला आता डॉक्टरांनी सिरोलिमस सुरू केलंय, किडनी बदललेल्यांना देतात तेच, इथेच मिळतं.

आणि आधारचा फोटो पाठवू नका. माझा अजून त्याच्याकडे आहे, त्याचं काय करायचं हे ठाण्यात कुणी सांगत नाही.