ड्रेसचे पट्टे उसवून पुन्हा बसवले, त्याला आता आठ महिने झाले

हा ड्रेस आरशासमोर नेहमीच छान दिसायचा. अडचण चालायला लागलं की सुरू व्हायची. डावा पट्टा खांद्यावरून निसटून दंडावर यायचा, तो वर घ्यावा तोवर उजवा. एक हात कायमचा त्याच कामाला. कापड सुती, अस्तर लावलेलं, गुडघ्याखालपर्यंत लांबी, भरपूर घेर, गळा रुंद चौकोनी आणि दीड सेंटिमीटर रुंदीचे पट्टे. आठ महिन्यांपूर्वी ते मी घरीच बदलले. खरं सांगायचं तर दोनदा बदलले, कारण पहिल्यांदा सपशेल चुकले.

पट्टा घसरतो म्हणजे लांब आहे, असं मी धरून चालले. पुढून दोन सेंटिमीटर आत घेतला, टीप मारली, घालून पाहिला. गळा वर चढला, टक्सची, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्यांची, टोकं भलतीकडेच गेली आणि मुंढा, म्हणजे हात घालायची जागा, काखेत रुतायला लागला. एवढं होऊनही पट्टा घसरायचा तो घसरतच होता, फक्त आता खांद्यावर वळ उठवून.

कारण नंतर कळलं आणि कळल्यावर स्वतःचंच हसू आलं. खांदा मानेपासून दंडाकडे उतरता असतो. पट्टा त्या उताराच्या टोकाशी बसवलेला असेल तर लांबी कितीही कमी करा, तो खाली येणारच. माझ्या ड्रेसचे पट्टे पाठीवर एकमेकांपासून फार लांब होते. पाठीमागे दोन्ही पट्टे एका केसांच्या चापात धरून मी घरभर फिरले, जिने चढले, वाकून वस्तू उचलल्या. ड्रेस जागचा हलला नाही. ही चाचणी कात्रीला हात लावायच्या आधी घ्यायची असते.

मग पुढची टोकं पूर्ववत केली आणि मागची उसवली. पट्टा अस्तर आणि वरचं कापड यांच्यामध्ये अडकवलेला असतो, त्यामुळे नुसता पट्टा सोडवून भागत नाही, वरच्या कडेची शिवणही नव्या जागेपर्यंत उघडावी लागते. दोन्ही पट्टे पाठीच्या मध्याकडे अडीच अडीच सेंटिमीटर सरकवले. सरकवताना ते किंचित तिरके ठेवले, खांद्यावरून ज्या दिशेने येतात त्याच दिशेने. काटकोनात बसवले की पट्ट्याची एक कड ताणली जाते आणि दुसरी सैल पडते. हेही मी करून पाहिलंय, वेगळं सांगायला नको.

स्वतःच्या पाठीवर टाचण्या लावायच्या फंदात कुणी पडू नका. हात मागे नेला की खांदा उचलला जातो आणि माप फसतं. टाचण्या लावायला मी बहिणीला बसवलं. तिनेच दाखवलं की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आहे. त्यामुळे उजवा पट्टा लांबीत सहा मिलिमीटर जास्त आत घेतला. दोन्ही पट्टे मोजून सारखे करायचा माझा हट्ट होता, तो तिथेच सोडला. कच्चे टाके घालून एक अख्खी संध्याकाळ ड्रेस घरात वापरला, तेव्हा कुठे मशीनची टीप मारली. त्या जागी कापडाचे बरेच थर येतात. अकरा नंबरची सुई मोडली, तिच्याहून जाड चौदा नंबरची निभावली. पट्ट्याचं उरलेलं टोक कापलं नाही, आतच दुमडून ठेवलं.

आता आठ महिन्यांचा हिशेब. पट्टे खांद्यावर राहतात. बसताना, धावताना, ओझं उचलतानाही. हात मोकळा झाला, यातच सगळं आलं.

पण काही गोष्टींनी त्रास दिला. पट्टे आत आले तसे ब्राचे पट्टे बाहेर दिसायला लागले. हे मला आधी सुचलंच नव्हतं. उपाय म्हणून पट्ट्याच्या आतून टिचबटणाची छोटी पट्टी शिवली, ब्राचा पट्टा त्यात अडकवायचा. चौथ्या महिन्यात डावीकडची तुटली, कारण घाईत एकाच थरात टाके घातले होते. दुसरं, पाठीकडून काखेजवळच्या वरच्या कडेला आता पट्ट्याचा आधार उरला नाही, ती बाहेर लोंबायला लागली. अस्तराच्या आतून बारीक इलॅस्टिक हलकं ताणून लावलं, तेव्हा बसली. अडीचऐवजी दोनच सेंटिमीटर सरकवले असते तर कदाचित एवढी सुटली नसती.

जुन्या शिवणीची भोकं सुती कापडावर इस्त्रीची वाफ देऊन नखाने घासली की बुजतात. साटीनवर ती कायमची राहतात, तिथे आधी दहादा विचार करावा. ड्रेस नवाकोरा आणि सुती असेल तर धुवून मगच मापं घ्यावीत, नाहीतर आटल्यावर सगळी मेहनत वाया.

या यशाने चढून जाऊन मी आणखी एका ड्रेसला हात घातला. त्याचे पट्टे दोरीसारखे बारीक आणि उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचे. पहिले काही दिवस मजेत गेले, मग लक्षात आलं की पट्टे लांबत चालले आहेत. उरेब कापड ताणतं, त्यातून तो ड्रेस हँगरवर लटकलेला, म्हणजे स्वतःच्याच वजनाने रोज थोडा थोडा खाली. शेवटी पट्ट्याच्या आत न ताणणारी सुती फीत घातली. त्या नळीतून फीत ओढून काढायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात नवे पट्टे शिवून झाले असते. आता तो घडी करून ठेवते. लांबी कमीजास्त करता यावी म्हणून पट्ट्याला रिंग आणि स्लायडर लावण्याचा पर्यायही आहे, पण गुळगुळीत कापडावर स्लायडर सरकतो, आणि मला दिवसभर त्याच्याकडे लक्ष ठेवायचं नाही.

ड्रेस छातीवरच सैल असेल तर पट्ट्यांच्या नादी लागू नका, आधी बाजूची शिवण आत घ्या. सगळा घेर दोन पट्ट्यांवर टांगला तर कुठलीही टीप फार टिकत नाही. माझ्याही ड्रेसला घेर आहेच. गेल्या आठवड्यात उजव्या पट्ट्याची मागची टीप बोटाच्या पेराएवढी सुटलेली दिसली. आत दुमडलेलं टोक शाबूत होतं, त्यावरच दुहेरी टीप मारली आणि दुसऱ्या दिवशी तोच ड्रेस घालून बाहेर पडले.