कोकणचं वाटण की बाजारचा टोफू? शेंगदाणा, काजू, सोया वर्ज्य असताना व्हीगन जेवण

शेंगदाणा, काजू आणि सोया या तिन्हींची ॲलर्जी, आणि त्यात दूध-दही-तूप सोडून व्हीगन व्हायचं मनात आहे. असं सांगितलं की घरातला प्रत्येक जण विचारतो, "मग खाणार काय?" माझ्या भाचीच्या बाबतीत हा प्रश्न आला तेव्हा समोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे दूध, पनीर, चीज यांच्या जागी बाजारातले तयार व्हीगन पदार्थ आणायचे. दुसरी म्हणजे आपल्या स्वयंपाकात जे मुळातच दुधाशिवाय होतं, त्यावरच ताट उभं करायचं. माझा कौल स्पष्टपणे दुसऱ्या वाटेला आहे.

पण आधी वर्ज्य पदार्थांची यादी खरी आहे का ते बघा. रक्तातली एका प्रकारची प्रतिपिंडं मोजणाऱ्या आयजीजी चाचणीवरून शंभर पदार्थांचा तक्ता हातात देणाऱ्या लॅब आहेत. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना त्या चाचणीवरून निदान करू नका असंच सांगतात. ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं मोजणारी आयजीई चाचणी, त्वचेवरची चाचणी आणि काय खाल्ल्यावर काय झालं याचा इतिहास, हे सगळं तज्ज्ञाने एकत्र बघायचं असतं. शेंगदाणा कडधान्यांच्याच कुळातला, म्हणून काही जण सगळ्या डाळी बंद करतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना इतर डाळी चालतात. व्हीगन माणसाच्या ताटातून विनाकारण डाळ काढणं हे फार मोठं नुकसान आहे, म्हणून हे डॉक्टरांकडून नक्की करूनच घ्या. काजू बाधत असेल तर पिस्त्याचंही विचारा, त्या दोघांचं नातं जवळचं आहे.

बाजारची वाट

सोय आहे, चव ओळखीची आहे, मित्रमंडळींत वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. हे फायदे मी कमी लेखत नाही. पण पाकिटं उलटून बघा. व्हीगन पनीर म्हणजे टोफू, म्हणजे सोया. दही बहुधा शेंगदाण्याचं, काजूचं नाही तर सोयाचं. चीजमध्ये काजू, आणि काजू नसेल तर खोबरेल तेल आणि स्टार्च. मटणासारख्या लागणाऱ्या पदार्थांत सोया, ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रोटीन) किंवा वाटाण्याचं प्रोटीन. आपल्या तीन वर्ज्य गोष्टींवरच हा बाजार उभा आहे.

पाकिटावरच्या व्हीगन खुणेनेही फसू नका. ती खूण प्राणिजन्य काही नाही एवढंच सांगते, ॲलर्जीबद्दल काही सांगत नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचफळं, सोया, ग्लुटेन असलेली धान्यं, दूध वगैरेंचा उल्लेख बंधनकारक आहे. तीळ आणि मोहरी मात्र त्या यादीत नाहीत. अमेरिकेत २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. तिळाचीही ॲलर्जी असेल तर इथे घटकांची पूर्ण यादी वाचण्यावाचून इलाज नाही.

दुधाचा प्रश्न लवकर सुटतो. सोया आणि काजू गेले की ओट्स, नारळ, तांदूळ उरतात. चहाला ओट्सचं दूध बरं, फक्त फार उकळू नये, दाट होतं. प्रोटीन या तिन्हींत कमीच, त्यामुळे ती दुधाची बरोबरी करतील ही अपेक्षा ठेवू नका. कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेलं पाकीट निवडा. गव्हाची किंवा ग्लुटेनची अडचण असेल तर ओट्सबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

घरची वाट

इथेही एक मोठी अडचण आहे: दाण्याचं कूट. पोहे, कोशिंबीर, भरली वांगी, अळूची पातळ भाजी, साबुदाण्याची खिचडी, कुठे म्हणून नसतं ते? देशावर, खानदेशात, विदर्भात शेंगदाण्याशिवाय चार घास जाणं कठीण. कोकण-गोव्याचा स्वयंपाक मात्र नारळावर चालतो. वालाचं बिरडं, मुगागाठी, सोलकढी, फणसाची भाजी, कुळथाची पिठी. म्हणून आमचं सूत्र ठरलं: वाटण कोकणचं, भाकरी देशावरची. कोकणात काजूचं भान तेवढं ठेवायचं, उसळीत ओले काजू सर्रास पडतात.

कुटाची जागा एकच पदार्थ घेत नाही, इथेच लोक कंटाळून सोडून देतात. कोशिंबिरीत कूट पाणी धरून ठेवतं, तिथे ओलं खोबरं पुरतं. भरल्या वांग्यात रस दाट करायचा असतो, तिथे भाजलेले तीळ, सुकं खोबरं आणि डाळं एकत्र कुटून घाला, खमंगपणात काही कमी पडत नाही. तीळ चालत नसतील तर कारळे. कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी भाकरीशी खाल्ली की शेंगदाण्याच्या चटणीची आठवण येत नाही. साबुदाणा खिचडीला मात्र तितका चांगला पर्याय मला मिळालेला नाही. सुकं खोबरं आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बिया जाडसर कुटून घातल्या की मोकळी होते, चव वेगळी लागते.

दोन जागा दिसत नाहीत, पण तिथेच घात होतो. पहिली गिरण. गव्हात सोयाबीन घालून दळायची आपल्याकडे पद्धत आहे. तुमची ज्वारी कुणाच्या सोयाबीन घातलेल्या गव्हावर पडली तर तो अंश तुमच्या पिठात येतो. "ज्वारीवरच दळून द्या" एवढं सांगून भागत नाही, आधी थोडी ज्वारी टाकून ते पीठ वेगळं काढायला सांगा, तरी धोका शून्य होत नाही. ॲलर्जी तीव्र असेल तर घरगुती चक्कीचा खर्च सार्थकी लागतो. दुसरी जागा लाकडी घाण्याची. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, घाण्याच्या तेलात उरतात. करडई-सूर्यफुलाचं तेलही त्याच घाण्यात काढलेलं असू शकतं. आणि गहू वर्ज्य असेल तर डबीतला हिंगही तपासा, बऱ्याच हिंगांत मैदा असतो.

प्रोटीनचा हिशेब जमतो का? आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीने दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला साधारण ४६ ग्रॅम. दिवसभरात ९०-१०० ग्रॅम कच्ची डाळ-कडधान्यं, पाव किलो ज्वारी-नाचणी-तांदूळ आणि मूठभर बिया यांत तेवढं येतं. पण एका वाटी वरणावर भागवणाऱ्याला ते मिळणार नाही, दोन्ही वेळा उसळ किंवा दाट आमटी हवी. कॅल्शियमला नाचणी मोठा आधार आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. मोठ्यांची रोजची गरज हजार मिलिग्रॅमची, म्हणून शेवग्याचा पाला, तीळ, पालेभाज्या सोबत हव्यातच.

बी-१२ कुठल्याच वाटेने जेवणातून पुरेसं मिळत नाही. गोळी घ्यावी लागते, यात तडजोड नको. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य, नाही ना ते बघा. डी-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून येतं, लायकेनपासून (दगडफूल त्यातलंच) केलेलं मागा.

तेव्हा रोजचं ताट घरचं, बाजारातून ओट्सचं दूध आणि गोळ्या, आणि प्रवासासाठी नीट वाचून घेतलेली एक-दोन पाकिटं. ज्यांना नारळच चालत नाही त्यांना माझं सूत्र उपयोगाचं नाही. त्यांनी तीळ-कारळे-डाळ्यांच्या वाटणावर भर द्यावा. लहान मुलांसाठी हा निर्णय आहारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याशिवाय घेऊ नका, वाढत्या वयात इतके पदार्थ एकदम काढणं जोखमीचं आहे. आणि पूर्वी कधी श्वास लागला असेल, घसा सुजला असेल, तर स्वयंपाकाची घडी बसवण्याआधी डॉक्टरांकडून तातडीची योजना लिहून घ्या. अशा वेळी पहिला उपाय ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असतो, ॲलर्जीच्या साध्या गोळीवर विसंबून थांबू नका.