लाइव्ह पॅच की शनिवार रात्रीचा रीबूट?

साध्या यूझरला रूट (मशीनवर सगळे अधिकार असलेला यूझर) करून देणारं भोक लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, निघालं की रस्ते दोनच: चालत्या मशीनवर लाइव्ह पॅच चढवायचा, नाहीतर नवं कर्नल टाकून रात्री रीबूट मारायचा. मी दोन्ही केलंय. दीड वर्ष पहिलं, तेव्हापासून आजतागायत दुसरं. माझ्याकडे एका कारखान्याचे सातच सर्व्हर आहेत, त्यामुळे पुढचं सगळं त्या हिशेबाने घ्या.

लाइव्ह पॅचची कल्पना मला अजूनही आवडते. बिघडलेल्या फंक्शनच्या तोंडाशीच कॉल अडवायचा आणि दुरुस्त फंक्शनकडे वळवायचा; वर चाललेल्या प्रोसेसना पत्ताही लागत नाही. रेड हॅट आणि सुसे या लिनक्स कंपन्यांच्या केपॅच आणि केग्राफ्ट या तंत्रांचा मेळ घालून २०१५च्या लिनक्स ४.०मध्ये याचा पाया मूळ कर्नलमध्येच आला. ७ मार्च २०२२ला, सोमवारी, डर्टी पाइप नावाचं कर्नलमधलं भोक जाहीर झालं, तेव्हा लाइव्ह पॅचची किंमत कळते. ५.८पासूनच्या कर्नलमध्ये, जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यातही साधा यूझर लिहू शकत होता. असं काही आठवड्याच्या सुरुवातीला बाहेर यावं आणि खाली डिस्पॅचची बिलं निघत असावीत, अशा वेळी रीबूटचं नाव कोण काढणार?

अर्थात त्याआधी सहाच आठवड्यांवर पीकेएक्झेकमध्ये (दुसऱ्या यूझरच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) २००९पासून पडून असलेलं भोक जाहीर झालं होतं. तेही थेट रूट देत होतं, पण कर्नलच्या बाहेरचं. तिथे लाइव्ह पॅचवाले आणि बिनपॅचवाले एकाच रांगेत: पॅकेज अपडेट करा, तोवर पीकेएक्झेकच्या फाइलचा सेटयूआयडी बिट (तिला रूटच्या अधिकाराने चालू देणारी खूण) काढून ठेवा.

माझं मन फिरलं ते मात्र याहून किरकोळ गोष्टीने. लाइव्ह पॅच चढवल्यावरही 'युनेम -आर' (कर्नलचं व्हर्जन सांगणारी कमांड) जुनाच आकडा दाखवते. बरोबरच आहे, बूट झालेलं कर्नल जुनंच असतं. पण मशीनमधली भोकं शोधणारा आमचा स्कॅनर नेमका तोच आकडा वाचायचा. दर महिन्याला सातही मशीन लाल. मग मी पॅचच्या स्टेटसचे स्क्रीनशॉट काढणार, ऑडिटरला मेल करणार, आणि उत्तर येणार, "सर, रिपोर्टमध्ये व्हर्जन जुनं दिसतंय." फोनवर समजावलं की पटायचं, पुढच्या खेपेला माणूस नवा. हळूहळू मलाच सवय झाली, 'ते लाल असतंच' म्हणायची. त्या सवयीत एका मशीनचं स्टेटस बघायचं राहिलं. त्यावरच्या कर्नलसाठी पॅच येणं कधीच बंद झालं होतं, म्हणजे ते लाल खरं होतं. मला कळलं एकोणीस दिवसांनी.

रीबूटचा जाच निदान उघड असतो. आदल्या दिवशी मेल, शनिवारी रात्री साडेअकरा, हातात चहा. एक जुना सर्व्हर रेड (RAID) कंट्रोलर, म्हणजे डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, तपासण्यातच सहा-सात मिनिटं घालवतो आणि तेवढा वेळ, मशीन उत्तर देतंय का ते दाखवणाऱ्या पिंगकडे बघत बसावं लागतं. पण वर आला की आकडा नवा, स्कॅनर हिरवा, ऑडिटर गप्प. शिवाय कुठली सर्व्हिस बूटला आपोआप सुरू व्हावी म्हणून एनेबल करायची राहिलीय तेही त्याच रात्री समजतं, सहा महिन्यांनी लाइट गेल्यावर नाही.

तुमच्याकडे एकेका होस्टवर साठ व्हीएम (आभासी मशीन) असतील, किंवा डेटाबेस रुळावर यायला तासभर लागत असेल, तर माझं ऐकू नका, लाइव्ह पॅच घ्याच. फक्त शनिवारपर्यंतची सोय म्हणून घ्या, असं मला वाटतं.

मीही गेटवरच्या हजेरीच्या मशीनला तो ठेवलाय, कारण तिसरी पाळी नेमकी रात्री साडेअकरालाच पंच करते. त्याचा रीबूट दिवाळीच्या सुट्टीत. तोवर ते दर महिन्याला लाल येतं, पण आता एकच असल्यामुळे उघडून बघतो.