शांतता मोर्चात ३५ मिमी लेन्स: जवळ जावंच लागतं

मोर्चे आणि सभा मी आजवर ७०-२०० मिमीच्या झूम लेन्सनेच टिपल्या. कडेला उभं राहायचं, लांबून चेहरा ओढून घ्यायचा, पुढे सरकायचं. या वेळी शांतता मोर्चाला जाताना झूम घरीच ठेवला. सोबत एकच लेन्स घेतली: ३५ मिमी, झूम न होणारी, एफ/२ (हे छिद्राचं माप: आकडा लहान, छिद्र मोठं), जुनी, कुणाची तरी वापरलेली. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा.

लेन्स मुठीत मावते, तिला पाहून कुणी बिचकत नाही. पण फलकावरची अक्षरं नीट हवी असतील तर दोन मीटरवर जावं लागतं. तिथून जेमतेम दोन मीटर रुंदीचं चित्र मिळतं: फलक, तो धरणारे हात, शेजारच्यांचे खांदे. आणि इतक्या जवळ गेल्यावर बोलावंच लागतं. "फोटो काढू का?" हे मी त्या दिवशी जितक्यांदा विचारलं तितकं आधी कधीच विचारलं नव्हतं. एक बाई म्हणाल्या, "फलकाचा काढा, चेहरा नको. नोकरीचा प्रश्न आहे." मी त्यांच्या मागे गेले. उंचावलेला हात, पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं 'पुरे झालं', समोर गर्दी. दिवसभरातला माझा सगळ्यात आवडता फोटो हाच. झूम असता तर त्यांचा चेहरा मी न विचारताच घेऊन आले असते. आजवर असे किती चेहरे आणले असतील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

चालत्या गर्दीत ऑटोफोकस बंद, एफ/८, फोकस तीन मीटरवर. सुमारे दोन ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. पांढरा फलक चौकटभर आला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि माणसं काळवंडतात, म्हणून एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावं लागलं. कडेचे चेहरे थोडे ताणले जातात. घोळक्याचा फोटो घेताना कडेला कुणी येणार नाही एवढं बघा.

अक्षरं मात्र ही लेन्स सुरेख टिपते. घरी एक फोटो मोठा करून पाहिला, तर एका मुलीने शांततेचं चिन्ह काढताना मधल्या रेघेचा खालचा भाग सोडला होता. जेराल्ड होल्टम यांनी १९५८ मध्ये अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी हे चिन्ह केलं. त्यातल्या तिरक्या रेघा म्हणजे झेंड्यांच्या सांकेतिक लिपीतला 'एन', सरळ उभी रेघ म्हणजे 'डी': न्यूक्लिअर डिसआर्मामेंट. तिचा 'डी' अर्धाच राहिला होता, पण रंग इतका दाबून भरलेला की पुठ्ठ्याला वळ उठलेले दिसतात.

गर्दीत कॅमेरे फलकांइतकेच होते. एका हातात फलक, दुसऱ्यात फोन. बोलणाऱ्यांकडे पाहणारे डोळे थोडे, पडद्यांकडे पाहणारे जास्त. पण त्याचा मला राग आला नाही. घरी राहिलेल्या कुणाला तरी ते दाखवणार होते.

अंधार पडला, मेणबत्त्या लागल्या. आता एफ/२, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००, आणि एवढ्या उघड्या छिद्राला स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो, म्हणून ऑटोफोकस परत सुरू करणं भाग होतं. मेणबत्तीच्या उजेडात या लेन्सने त्वचेचा रंग फार छान दिला. मग दोन मिनिटांचं मौन सुरू झालं. एकेक फोन खाली गेला. मी बटण अर्धं दाबलं आणि मोटरची घरघर एवढी मोठी झाली की शेजारच्या आजोबांनी डोळे उघडले. मी कॅमेरा खाली घेतला. पुढच्या वेळी मौनाआधीच फोकस हाताने लावून ठेवणार आहे.