फ्रीझरला सुरी लागली: इपॉक्सी, ब्रेझिंग की नवा फ्रीझर?

एकदारी फ्रिजमधला बर्फ सुरीने खरवडताना फुस्स आवाज आला, म्हणजे फ्रीझरच्या भिंतीतल्या गॅसच्या नळीला भोक पडलं, तर आधी प्लग काढा आणि खिडक्या उघडा. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन हा गॅस असतो आणि तो पेट घेतो. शिवाय कॉम्प्रेसर चालू राहिला तर त्याच भोकातून दमट हवा आत ओढली जाते. तासन्तास तसा चाललेला फ्रिज दुरुस्त करण्यात सहसा अर्थ नसतो.

भोक टाचणीएवढं आणि सपाट भागावर असेल तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा चिकट लेप, चालतो. गॅस पूर्ण जाऊ द्या. आत जरासा दाब असला तरी लेपात बुडबुडा धरतो आणि छिद्र राहतं. भोवतीचा इंचभर भाग पॉलिश पेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच लेप द्या, कारण घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड पुन्हा चढतो. पाच मिनिटांत सुकणारा नको, 24 तासांवाला घ्या. लांब चिरेवर मात्र हे टिकत नाही. गारठा आणि डिफ्रॉस्ट यांच्या फेऱ्यांत लेपाची कड सुटते.

ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने धातूची काडी वितळवून भोक बुजवणं, जास्त टिकाऊ, पण हात सराईत हवा. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही, एकदम खचतं. सिलिकॉनवाली काडी 580च्या आसपास वितळते, म्हणजे चुकायला जागाच थोडी. फ्लक्स (ऑक्साइड काढणारा पदार्थ) भरलेली जस्त-अ‍ॅल्युमिनियम काडी बरीच आधी वितळते. मेकॅनिककडे तीच मागा. ज्योत नळीवर धरायची, काडीवर नाही. त्याआधी नायट्रोजनने उरलासुरला गॅस बाहेर काढायलाच हवा.

फ्रिजच्या मागे तांबं-अ‍ॅल्युमिनियमच्या जोडाजवळ नळी तुटली असेल, तर आम्ही लॉकरिंग निवडू. यात ज्योत लागत नाही, कडी दाबून बसवतात. जोडावर स्लीव्ह, म्हणजे वरून आवरण, हवीच. पाणी लागलं की तिथलं अ‍ॅल्युमिनियम गंजून झिजतं.

पांढरी पूड आणि जागोजागी खड्डे दिसले तर ठिगळं लावू नका, फ्रीझरच बदला. तांब्याच्या नळीचा बसवणार असाल तर कॅपिलरी (फ्रीझरमध्ये गॅस सोडणारी बारीक नळी) मूळ लांबीची आणि सक्शन लाइनला (कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या नळीला) चिकटलेली राहू द्या, नाहीतर थंडावा कमी पडतो.

यातलं काहीही केलं तरी ओलावा शोषणारा फिल्टर नवाच हवा. साबणाच्या पाण्याने गळती तपासून अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम घ्यायचा, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा. आर-600ए लेबलवरच्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर मोजूनच भरायचा. ‘अंदाजाने भरतो’ म्हणणाऱ्याला परत पाठवा.