ऑफिसच्या टेबलावरची वातीची कुंडी: नाशिकच्या हवेत कशी चालते

ऑफिसातली झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. सकाळी मावशी साफसफाई करताना पाणी घालतात, दुपारी कोणीतरी बाटलीतलं उरलेलं ओततं, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे कोणीच नसतं. पाणी कोणी घालायचं हे ठरलेलं नसतं, हे खरं दुखणं. वातीची कुंडी, म्हणजे दुकानात ‘सेल्फ वॉटरिंग पॉट’ म्हणून मिळते ती, नेमकं हेच सोडवते. मनी प्लांट, पीस लिली, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा यांच्यासाठी ती जरूर घ्यावी. स्नेक प्लांट, झेडझेड, जेड, निवडुंग यांच्यासाठी मुळीच नको. त्यांची माती दोन पाण्यांच्या मधे पूर्ण सुकावी लागते आणि ही कुंडी ती सुकू देत नाही.

रचना साधी आहे. बाहेर पाण्याची टाकी, तिच्यात बसणारी भोकाची कुंडी, आणि तळातून मातीत गेलेली वात. सहा इंची कुंडीच्या टाकीत साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. साध्या प्लास्टिकची कुंडी १५० ते ४०० रुपयांत येते. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. टाकी अपारदर्शक हवी, कारण पारदर्शक टाकीत उजेड शिरतो आणि महिन्याभरात शेवाळ धरतं. पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी हवी, आणि ती अडकत तर नाही हे दुकानातच पाणी भरून बघावं. तिसरी गोष्ट म्हणजे पाणी भरायच्या तोंडाला झाकण हवं. नाशिकमध्ये पावसाळ्यात तर या झाकणावर तडजोड नकोच. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो, आणि पाणी मिळाल्यावर अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. झाकण नसेल तर तोंडात स्पंजचा तुकडा घट्ट बसवावा. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, त्या दिवशी टाकी पूर्ण ओतून, आतून पुसून पुन्हा भरावी.

सोबत येणारी वात बहुतेक वेळा कमजोर असते. सुती असेल तर काही महिन्यांत कुजते. पेन्सिलीएवढ्या जाडीची नायलॉनची दोरी वापरावी, तिचं वरचं टोक उसवून मातीत कुंडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत पसरावं आणि लावण्याआधी ती पाण्यात भिजवून घ्यावी. कोरडी नायलॉन वात पाणी ओढत नाही.

मातीचं मिश्रण मात्र जिवापाड सांभाळावं, कारण ही कुंडी फसते ती इथेच. नाशिकची काळी माती हिच्यात कधीही घालू नये: ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडतात. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) एक भाग आणि गांडूळखत अर्धा भाग, एवढं पुरतं. कोकोपीट धुणं टाळू नये, त्यात क्षार असतात. आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून नर्सरीत येणारी बरीच रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर बाहेरचं मिश्रण ओलं आणि मुळांचा गाभा कोरडा, किंवा नेमकं उलट, अशी अवस्था होते. रोप बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवून, मुळं न तोडता निदान अर्धी माती सोडवावी.

लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे टाकी रिकामीच ठेवून वरून पाणी घालावं. मुळं खाली उतरली की मग टाकी भरावी. पुढेही टाकी रिकामी झाल्या झाल्या भरू नये, एक-दोन दिवस कोरडी राहू द्यावी. मात्र आठवडाभर कोरडी राहिली तर कोकोपीट आक्रसतं, वातीचा ओलावा तुटतो, आणि मग टाकी भरून काहीही होत नाही. लोक याला ‘कुंडी बिघडली’ म्हणतात. वरून सावकाश भरपूर पाणी घातलं की वात पुन्हा चालू होते.

पाणी खालून वर चढत असल्याने क्षार पृष्ठभागावर साठतात. बोअरच्या पाण्यावर ते लवकर दिसतात, पांढरा थर म्हणून. दोन-तीन महिन्यांतून एकदा आतली कुंडी बेसिनवर नेऊन तिच्या आकाराच्या दुप्पट पाणी वरून सोडून निथळू द्यावं. ऑफिसातल्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय चांगल्या हेतूची असली तरी कुंडीसाठी वाईटच, त्यात क्षार एकवटलेले असतात. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, वरून, टाकीत नको. वरची माती सतत ओली राहिली तर बारीक काळ्या माश्या घोंगावतात. वर जाड वाळूचा एक सेंटिमीटर थर द्यावा आणि द्राक्षबागेत लावतात तोच पिवळा चिकट सापळा कापून कुंडीत खोचावा, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतो.

जागेबद्दल थोडक्यात: एसीच्या थेट झोतात पानांची टोकं करपतात, तीन-चार फूट तरी दूर ठेवावी. पश्चिमेच्या काचेला चिकटून तर नकोच. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा दुपारच्या उन्हात काचेमागे पानं भाजून निघतात. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली.

आता फायद्याचं बोलू, कारण अनेक नर्सऱ्यांत पाटी ‘हवा शुद्ध करणारं झाड’ अशीच लावलेली असते. हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून पसरला, पण तो प्रयोग बंदिस्त पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा तपासली गेली, तेव्हा इमारतीत हवा खेळल्याने जेवढी वायुरूप रसायनं निघून जातात तेवढी झाडांनी काढायची तर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. म्हणजे हवेसाठी खिडकीच उघडावी. फायदा दिसतो तो नजरेला आणि कामाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ऑफिसांच्या अभ्यासात, उघड्या-बोडक्या जागेत झाडं आणल्यावर कामाचा उरक १५ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं गेलं. म्हणून झाड खुर्चीवर बसल्यावर समोर दिसेल असं हवं. रिसेप्शनला चार मोठ्या कुंड्या मांडल्या तर आत स्क्रीनसमोर बसणाऱ्याला त्यांचा काहीच उपयोग नाही.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कचेऱ्यांना एक जादा काम लागेल. पानांवर धूळ बसते आणि उजेड अडतो, तर पंधरा दिवसांतून एकदा ओल्या सुती कापडाने पुसावीत. पान चमकवणारे फवारे नकोत.

दिवाळीच्या लागोपाठ सुट्ट्या ही या कुंडीची खरी परीक्षा. थंडी सुरू झालेली असल्याने भरलेल्या टाकीवर मनी प्लांट दहा दिवस आरामात निघतो. एप्रिलमध्ये तीच टाकी पाच-सहा दिवसांत रिकामी होते. निघताना पडदे अर्धे उघडे ठेवावेत, टाकी काठोकाठ भरून झाकण लावावं आणि कुंडी खिडकीपासून दोन फूट आत घ्यावी. परतल्यावर पहिलं पाणी टाकीत नाही, वरून.